कपाटाचं दावं

आमच्या रत्नागिरीत आणि आसपासच्या वाड्यांमध्ये मी मोठा गणेशभक्त समजला जातो. गणपतीच्या दिवसांत मी जितक्या घरी दर्शनाला जातो, तितक्या घरी भटजीसुद्धा जात नसतील. खिशात उदबत्तीचा पुडा, डोक्यावर टोपी, आणि पिशवीत स्क्रूड्रायव्हर. देवासमोर हात जोडायचे, मखराचं कौतुक करायचं, प्रसाद घ्यायचा आणि ‘पोरांची खोली बघू वाईच’ म्हणून आत सटकायचं. आत गेलो की मी मुलांचं कपाट दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवतो. ते हललं नाही तर मोदक गोड लागतो. हललं, तर त्या दिवशी त्या घरात भांडण होतं.

बायको म्हणते, तुमचा गणपती मखरात नसतोच, कपाटामागे बसलेला असतो. पंचेचाळीस वर्षं ती माझ्याबरोबर राहिली आहे, तेव्हा तिला खोटं कसं पाडू?

माझा धंदा मुलांच्या खोलीतलं लाकडी सामान करण्याचा. सोफे नाहीत, देव्हारे नाहीत, लग्नातले डबलबेड नाहीत. तान्ह्या बाळाचा कठड्याचा पलंग, मोठ्या मुलांचे एकावर एक पलंग, अभ्यासाचं टेबल आणि खणांचं कपाट, म्हणजे ज्याला आता सगळे ड्रॉवरचं कपाट म्हणतात ते. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माझा कारखाना आहे. आता तो मुलगी आणि जावई चालवतात. दोघंही माझं ऐकत नाहीत, पण काम चोख करतात, त्यामुळे मला तक्रारीला जागा राहिलेली नाही आणि त्याचीच माझी तक्रार आहे.

लोक विचारतात, मेस्त्री, फक्त मुलांचंच का? त्याचं उत्तर समुद्रात आहे. मी मुळात जहाजावरचा सुतार. आमच्या भागात घरटी एकजण जहाजावर असायचा, तसा मीही गेलो. मालवाहू जहाजावर झोपायला बंक असतो, म्हणजे भिंतीला जखडलेला पलंग. त्याच्या कडेला उभी फळी असते, म्हणजे जहाज कलंडलं तरी माणूस खाली पडत नाही. तिथल्या कपाटांना कोपरे नसतात, गोलाई असते. खणांना खटके असतात. आमच्यावर दापोलीकडचे एक वयस्क मेस्त्री होते. ते म्हणायचे, “समुद्रात बांधलेलं ते सामान, सुटलेलं ते जनावर.” मला ते आधी म्हातारपणाचं बोलणं वाटलं. मग एकदा वादळात एका खलाशाची पत्र्याची ट्रंक सुटली आणि सबंध दिवस ती केबिनमध्ये या भिंतीवरून त्या भिंतीवर धडका देत फिरली. आमच्या स्वयंपाक्याच्या पायाचं हाड तिने मोडलं. त्या दिवसापासून न बांधलेली जड वस्तू दिसली की माझा हात आधी तिला धरायला जातो. घरात, दुकानात, कुणाच्या लग्नात, कुठेही.

मुलगी झाली तेव्हा घरी आलो आणि बायकोने परत जाऊ दिलं नाही. मुलीसाठी पलंग केला तो जहाजाच्या बंकासारखा, कडेला फळी, कोपरे गोल. शेजारणीने बघितला, तिच्या बहिणीने बघितला, आणि जहाजाचा सुतार पोरांचा सुतार झाला.

आता धंद्यातलं थोडं सांगतो, कारण बाहेरच्यांना वाटतं की मुलांचं सामान म्हणजे मोठ्यांचंच सामान, फक्त छोटं आणि वर ससे काढलेलं. तसं नाही. तान्ह्या बाळाच्या पलंगाचे दोन गज घ्या. त्यांच्या मधून माझी तीन बोटं जावीत, चौथं अडावं. जास्त फट ठेवली तर बाळाचं अंग त्यातून सरकतं आणि डोकं अडकतं. पुढचं सांगायला नको. म्हणून गिऱ्हाइकाला मी टेप दाखवत नाही, हात दाखवतो. घरी जाऊन दुसऱ्या कुठल्याही पलंगाला हीच परीक्षा लावा म्हणतो. एका बाईने ती माझ्याच दुकानात, माझ्याच पलंगाला, स्वतःच्या नवऱ्याचा हात धरून लावली. मला फार बरं वाटलं.

दुसरी परीक्षा जुन्या सुती साडीची. पलंग पूर्ण झाला की हिच्या फाटक्या साडीचा बोळा करून प्रत्येक कडेवरून फिरवायचा. धागा अडकला तर तिथे उद्या पोराची मांडी अडकणार. हा बोळा पलंगाच्या खालच्या बाजूनेही फिरवायचा, कारण मुलं पलंगावर जेवढी असतात त्याहून जास्त पलंगाखाली असतात. वरच्या पलंगाच्या बाबतीत मी स्वतः चढून गुडघ्यावर उभा राहतो आणि हात वर करतो. पंखा हाताच्या टप्प्यात आला तर पलंग त्या जागी लागणार नाही, मग घरमालकाने खोलीचं चित्र कितीही छान काढून आणलेलं असो.

आणि आमची हवा. मे महिन्यात घट्ट बसवलेला खण जुलैत उघडत नाही. लाकूड फुगतं. मग पोर दोन्ही पाय कपाटाला रोवून खण ओढतं आणि तो सुटला की उताणं पडतं. म्हणून आमच्याकडे खणाला दोन्ही अंगांनी सैल ठेवावं लागतं. देशावरचा सुतार ते बघून हसेल, पण त्याने आमच्याकडचा पावसाळा काढून दाखवावा. स्क्रू पितळेचेच, कारण खारी हवा लोखंड खाते. भुशाच्या फळीचं सामान तर चहात पडलेल्या बिस्किटासारखं होतं. मी फणसाचं लाकूड वापरतो. नवीन असताना हळदीसारखं पिवळं असतं आणि वर्षं जातात तसं तांबूस होत जातं. माझे काही पलंग आता चांगले तांबडे झालेत. त्यांच्यावर पहिल्या पोरांची पोरं झोपतात. हे मी मुद्दाम सांगतोय, कुणी विचारलं नसलं तरी.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकेक नमुने. एक बागायतदार आजोबा होते. नातवाच्या पलंगाला वाळवी लागू नये म्हणून काजूच्या टरफलांचं तेल लावून द्या म्हणून हटून बसले. आमच्याकडे घराच्या वाशांना ते लावायची जुनी पद्धत आहे, वाळवी त्याच्या वाटेला जात नाही हे खरं. पण काजूचा चीक अंगाला लागला की कातडी उतते, फोड येतात, हेही आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक. मी म्हटलं, चालेल, आधी तुमच्या हाताला लावतो, उद्या विचारायला येतो. त्यांनी हात मागे घेतला. मग जवसाच्या तेलाचाच हात दिला. पण माझ्यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता. दरवर्षी आगोटीला, म्हणजे पाऊस तोंडावर आला की, ते चाकूचं टोक पलंगाच्या पायांना टोचून बघायचे आणि चाकू मिटून निघून जायचे. एका वर्षी टोचायला आले नाहीत, नुसता एक कापा फणस कारखान्यात पाठवून दिला. त्यावर मी काय ते समजलो.

दुसरा एक जहाजावरचाच अधिकारी. त्याला मुलासाठी लाल मोटारीच्या आकाराचा पलंग हवा होता, चाकं, दिवे, सगळं. बाजारातले तसले पलंग मी बघितलेत, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. मी म्हटलं, तुमचा मुलगा दहावीला गेल्यावर मोटारीत झोपणार का? तो म्हणाला, दहावीचं दहावीला बघू. दोघंही हट्टी. शेवटी मी साधा भक्कम पलंग केला आणि बाजूला मोटारीच्या आकाराच्या फळ्या स्क्रूने लावल्या, काढता येतील अशा. पोर आनंदाने वेडं झालं, हे मला कबूल केलं पाहिजे. दहावीत त्याने स्वतःच त्या फळ्या काढल्या. पलंग तोच आहे.

पण हे सगळं ठीक आहे. मी ज्या गोष्टीसाठी गणपतीत घरोघर फिरतो ती वेगळी.

खणांचं कपाट म्हणजे मुलांच्या खोलीतलं सगळ्यात गरीब दिसणारं जनावर. चार-पाच खण, खाली गंजिफ्रॉक, वर शाळेचे कपडे. पण मुलाच्या डोळ्यांनी बघा. उघडलेले खण म्हणजे जिना. खालचा ओढला, वरचा ओढला, एकावर पाय, दुसऱ्यावर हात, निघाली स्वारी. खण बंद असताना कपाट उभं राहतं. सगळे खण पुढे आले आणि त्यावर पोराचं वजन पडलं की ते पुढे येतं, सगळंच्या सगळं, अंगावर. म्हणून कपाट मागून भिंतीला जखडलं पाहिजे. आमच्याकडच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या. चिरा आतून पोकळ्यांचा, भोक पाडलं की भुगा होतो, बाजारातला प्लास्टिकचा प्लग त्यात नुसता फिरत बसतो. म्हणून मी सागाची सुकी खुंटी ठोकून घट्ट बसवतो, तिच्यात पितळी स्क्रू, आणि स्क्रूला कपाटाची पट्टी. ते बसलं की मोठा माणूस लटकला तरी हलत नाही.

आता आमच्या लोकांची खोड ऐका. वर्षभर ते कपाट जखडलेलं असतं. वर्षभर त्या घरात एक म्हातारी आणि एक मांजर राहते. मग गणपती जवळ येतात, घराला रंग काढायचा असतो. रंगारी स्क्रू काढतो, कपाट अंगणात नेतो, भिंत रंगवतो, कपाट परत आणून ठेवतो. स्क्रू राहतात खिडकीत. कारण नव्या रंगाला भोक कोण पाडणार, विसर्जनानंतर बघू. आणि नेमकी त्याच वेळी मुंबईहून, पुण्याहून चुलत-मावस-आत्ते अशी सगळी पोरं घरात उतरतात. ज्या दिवसांत घरात सगळ्यात जास्त पोरं, नेमक्या त्याच दिवसांत कपाट सुटं. हे बाकी कुठे होत नसेल, हे आमचंच.

आरे-वारेच्या रस्त्याने पुढे गेलं की डोंगराच्या बाजूला एक वाडी आहे. तिथे भागीकाकी राहायच्या. मुलगा विलास मुंबईला नोकरीला. त्याने घराला एक खोली वाढवली आणि सुट्टीत येणाऱ्या मुलांसाठी दोन पलंग आणि एक रुंद खणांचं कपाट माझ्याकडून करून घेतलं. लाकूड त्यांच्याच परसातल्या फणसाचं. कपाट मी स्वतः जखडून दिलं होतं. त्या वर्षी ऋषिपंचमीला सकाळी मी दर्शनाला गेलो. विलासची धाकटी मुलगी स्वरा, तेव्हा बालवाडीत होती, ती आणि तिची भावंडं पडवीत धुमाकूळ घालत होती. नमस्कार केला, आत गेलो, कपाटाला हात लावला आणि ते माझ्याबरोबर पुढे आलं.

मागे बघितलं. भिंत गुळगुळीत, मोरपिशी रंगाची. रंगाऱ्याने माझी खुंटी उपटून भोकात पुट्टी भरली होती आणि वर दोन हात रंग दिला होता. मी विलासला बोलावलं. तो म्हणाला, मेस्त्री, पाचच दिवसांचा प्रश्न आहे, मुलांना सांगू, चढू नका. मुलांना सांगून भागलं असतं तर मला धंदाच नसता. मी ड्रिल मशीन आणायला निघालो तर दारात भागीकाकी. वय झालेलं, पाठ वाकलेली, पण नजर अशी की घरातले बाप्ये बायकांच्या आधी सरळ व्हायचे.

“देव बसलाय तवर भितीला खिळा न्हाय,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, काकी, खिळा नाही मारत, ड्रिल लावतो.

“मग त्यो काय फुलं व्हातो?”

मी चिडलो. अंधश्रद्धा वगैरे शब्द तोंडावर आले होते, सुदैवाने बाहेर पडले नाहीत. काकींनी मला हाताला धरून बाहेर नेलं आणि भिंतीची पलीकडची बाजू दाखवली. मखर त्याच भिंतीला टेकवलेलं. मूर्ती शाडूची, बोटं काडीसारखी नाजूक. त्यांच्या सासूच्या वेळेला कुणीतरी पलीकडून मेख ठोकली होती आणि आरतीच्या आधी मूर्तीचा हात निखळला होता. त्या वर्षी घरात कुणी धड जेवलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या. चिऱ्याच्या भिंतीला ड्रिल लावलं की ती थरथरते, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? म्हातारीचं चुकत नव्हतं. तेच मला जास्त लागलं.

मग आम्ही तिघं खोलीत उभे राहून वाद घालत बसलो. कपाट उलटं फिरवून ठेवा म्हटलं, तर घरातल्या सगळ्या पोरांचे कपडे त्यात. दुसऱ्या भिंतीला न्या म्हटलं, तर तिथे पलंग. खोलीला कुलूप घाला म्हटलं, तर पोरं झोपणार कुठे? विलासची बायको दारातून म्हणाली, मेस्त्रीकाका, तुम्ही उगाच भीती घालता. मी म्हटलं, बाय, मी भीती घालत नाही, मला भीती वाटते. ते खरंच होतं. स्वराच्या पायांतल्या पैंजणांचा आवाज बाहेरून येत होता. मी केलेलं कपाट. माझं नाव सांगून दिलेलं.

काकी मागच्या दाराने गेल्या. परत आल्या तेव्हा हातात गाईचं दावं होतं, म्हणजे गोठ्यात गाय खुंट्याला बांधायचा दोर. गाय जाऊन बरीच वर्षं झाली होती, दावं खुंटीवर तसंच राहिलं होतं.

“गाय पळती म्हणून तिला भितीत ठोकतो काय रे? दावं बांध.”

दापोलीच्या मेस्त्रींचे शब्द मला तिथे उभ्या उभ्या आठवले. सुटलेलं ते जनावर. जनावराला काय करतात हे त्या बाईला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. आम्ही कपाट सरकवून खिडकीसमोर आणलं, वरचा खण काढला, मागच्या आडव्या फळीला दाव्याचे वेढे दिले आणि खिडकीच्या गजांना जहाजावरची गाठ मारली, ओढ बसेल तशी आवळत जाणारी. अर्धी खिडकी झाकली गेली. नवे पडदे कपाटामागे गेले. विलासच्या बायकोने माझ्याकडे बघितलं नाही, प्रसाद मात्र हातावर ठेवला.

नंतर कळलं की त्या दाव्याची वाडीभर चेष्टा झाली. दर्शनाला येणारा प्रत्येकजण विचारायचा, काय विलास, कपाट मारकं आहे काय? रात्री बांधतोस तर सकाळी चरायला सोडतोस का? विलास ओशाळा झाला आणि दुसऱ्या दिवशी गाठ सोडायला गेला. एक तर ती गाठ त्याला सुटेना, आणि दुसरं म्हणजे काकींनी बजावलं की दावं सोडणाऱ्याला गौरीचा नैवेद्य मिळणार नाही. शेवटी लाज झाकायला विलासने दाव्यावर एक जुनी नऊवारी पसरली.

गौरीपूजनाच्या दिवशी दुपारच्या आरतीला सगळं घर पुढे जमलं. झांजा, ढोलकी, टाळ्या. आमच्याकडची आरती म्हणजे एका आरतीत दहा आरत्या, आणि प्रत्येकाला आपली आवडती म्हणायची असते. करंज्यांचा डबा मुंग्या आणि मुलं यांच्यापासून वाचावा म्हणून कपाटावर ठेवला होता. आरती संपत आली तेव्हा आईच्या लक्षात आलं, स्वरा नाही. विलास आत गेला.

सगळे खण बाहेर होते. स्वरा मधल्या खणात उभी होती, दोन्ही हातांनी कपाटाची वरची कड धरून. कपाट पुढे कललं होतं आणि मध्येच थांबलं होतं. गाईचं दावं जुनं, थोडं ताणलं गेलं होतं, पण सुटलं नव्हतं. नऊवारी खाली पडली होती आणि दावं तारेसारखं ताठ होतं. डबा केव्हाच खाली आपटला होता, झांजांच्या आवाजात कुणाला ऐकू गेला नव्हता. मुलगी रडत नव्हती. बापाला बघून म्हणाली, “बाबा, हे पडतच नाहीये.”

हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी मी रत्नागिरीत दुसऱ्याच कुणाच्या तरी पडवीत हातात प्रसादाचा द्रोण घेऊन बसलो होतो आणि फोन वाजला. विलासचा नंबर. पलीकडून कुणी बोलेना. नुसता श्वास. मी हॅलो हॅलो करतोय. मग फोन कुणीतरी काढून घेतला आणि काकींचा आवाज आला.

“मेस्त्री, पोर हाय. कपाट पण हाय. करंज्या तेवढ्या गेल्या.”

मी त्या परक्या पडवीत बसून रडलो. घरच्यांना वाटलं, मेस्त्रींना देवाची भक्ती फार. माझ्या भक्तीची ख्याती तिथूनच वाढली असावी. बायकोलाही हे मी कधी सांगितलं नव्हतं, आता दिवाळी अंकात वाचेल.

विसर्जन झाल्यावर मी जाऊन कपाट जुन्या जागी नेलं, नवी खुंटी ठोकली, स्क्रू आवळले. विलासच्या बायकोने पडदा बाजूला धरला होता, आणि मी निघताना ती वाकून पाया पडली. दावं मात्र काकींनी सोडू दिलं नाही. स्क्रू रंगारी काढील, पण दावं माझ्या डोळ्यांसमोर कोण सोडतो बघते, म्हणाल्या. वेढे कमी केल्यावर दावं जुन्या जागेपर्यंत पुरलं, आणि कपाटाच्या मागे भिंतीच्या पट्टीबरोबर ते खिडकीच्या गजापर्यंत तसंच बांधलेलं राहिलं.

तेव्हापासून माझ्या कारखान्यातून जाणाऱ्या प्रत्येक खणांच्या कपाटाला दावं असतं. सुती, दुपदरी, मागच्या फळीला कायमचं जोडलेलं. रंगकामाला स्क्रू काढा, पण परत आणून ठेवल्याबरोबर दावं गजाला बांधा, मग बाकीची कामं. जावयाने सुचवलं की त्याला काहीतरी चांगलं नाव देऊ, पट्टा वगैरे. मी दिलं नाही. आता गिऱ्हाइकं स्वतःच विचारतात, दाव्याचं कपाट तुमच्याकडेच मिळतं ना? एवढा मान मला जहाजावर मिळाला नव्हता.

सगळीकडे हे जमतं असं नाही. हल्ली खोक्यात बंद होऊन येणारी कपाटं घरोघर दिसतात. भिंतीला जखडायची पट्टी त्या खोक्यातच असते, पिशवीत बांधलेली, आणि पिशवी त्याच खोक्यात भंगारात जाते. अशा घरांत मी गेलो की लोक अवघडतात. एकदोघांनी तर सांगितलं, मेस्त्री, दर्शनाला या, पण आत नको. मी बाहेरूनच नमस्कार करतो. ती घरं मला झोपताना आठवतात आणि कूस बदलावी लागते.

भागीकाकी गेल्या त्याला काही वर्षं झाली. विलास आता निवृत्त होऊन गावी आलाय. स्वरा कॉलेजात आहे, सुट्टीत येते, आणि ती खोली तिची झाली आहे. पण गणपतीत धाकटी भावंडं, भाचरं तिथेच झोपतात. माझे गुडघे गेलेत. यंदा मी बायकोला म्हटलं, वाडीपर्यंत रिक्षा कर, रंगारी कधी येणार विचारायला हवं. तेवढ्यात स्वराचाच फोन आला.

रंगारी आला होता. ती कपाटासमोर मांडी घालून बसली होती आणि त्याला हात लावू देत नव्हती. तो म्हणत होता, मागची भिंत रंगवायची तर कपाट काढावंच लागेल. तिने मला विचारलं, काका, खुंटी न उपटता पट्टी कशी काढू? मी सांगितलं. खुंटीला कागद चिकटव म्हणजे रंग जाणार नाही, हेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी रंग सुकला. तिने परत फोन केला आणि स्क्रू बसवताना मला लाइनवरच ठेवलं. स्क्रू फिरायचा थांबला का? थांबला. शेवटचा अर्धा फेरा जोर लावून दे. दिला. मग म्हणाली, काका, आता मी हलवते, तुम्ही ऐका. तिने फोन कपाटाला लावला आणि जोरात हलवलं असावं, कारण तिच्या बांगड्या वाजल्या. बाकी काही वाजलं नाही.

“दावं?” मी विचारलं.

“ते आधीच बांधलं, काका. आजीने राखलेली तुमची गाठ सोडलीच नव्हती, नवी तिच्याच बाजूला मारली.”

ऋषिपंचमीला मी रिक्षाने तिच्या घरी गेलो. पडवीत पोरांचा तोच धुमाकूळ. विलास म्हणाला, या मेस्त्री, आत बघून घ्या. मी म्हटलं, नको. मखरासमोर बसलो, टाळ घेतला आणि सगळ्या आरत्या म्हटल्या, शेवटच्या मंत्रपुष्पांजलीपर्यंत. मुलांच्या खोलीत गेलो नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्या घरी फक्त गणपतीचं दर्शन घेतलं.